कुठलं काम आधी सुटलं? (नैराश्य, रोजचे व्यवहार आणि गावचा दवाखाना)

खाडीकाठचा डॉक्टर | ९ जून, रात्री १०:१५

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. देवगड तालुक्यात जनरल प्रॅक्टिस करतो, त्याआधी बरीच वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली. पण नैराश्याचा पेशंट आमच्या भागात सरळ तज्ज्ञाकडे जातच नाही, आधी आमच्याच बाकड्यावर येऊन बसतो. आणि मन उदास आहे असं काही सांगत नाही. कंबर धरली, डोकं जड, पोटात वायू फिरतो, पहाटे तीनला झोप उडते. "डॉक्टरांनू, अंगात ताकद नाय, एक सलाईन लावा." सलाईन लावली की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. एक्स-रे होतो, सोनोग्राफी होते, फाईल जाड होत जाते.

हे फक्त कोकणातलं नाही बरं. जागतिक आरोग्य संघटनेने १४ देशांतल्या १५ केंद्रांत साध्या दवाखान्यांत येणाऱ्या लोकांची पाहणी केली होती, त्यात आपलं बंगळूरही होतं. १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात त्याचं विश्लेषण आलं. नैराश्य असलेल्या ११४६ जणांपैकी ६९ टक्के फक्त शरीराच्या तक्रारी घेऊन आले होते. पण त्याच पाहणीतला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: सरळ विचारल्यावरही मनाचा त्रास नाकारणारे फक्त ११ टक्के होते. म्हणजे लोक लपवत नाहीत, आपण विचारत नाही.

आता विचारायचं कसं? आमच्याकडे नैराश्य मोजायची पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी असते. मागच्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले की नीट तपासायचं. नऊ प्रश्नांच्या खाली आणखी एक प्रश्न असतो, त्याला गुण नाहीत, म्हणून घाईच्या ओपीडीत तो राहूनच जातो. या त्रासामुळे काम करणं, घरचं बघणं, लोकांशी जमवून घेणं किती अवघड झालंय? माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न तोच. "उदास वाटतं का?" विचारलं की माणूस "छे हो" म्हणतो. "यंदा आमसुलं घातलीत का?" विचारलं की बाई थांबते, नवऱ्याकडे बघते, आणि मग खरं बोलणं सुरू होतं.

तर धाग्याचा विषय हा. तुमच्या घरात किंवा तुमच्या स्वतःच्या बाबतीत कुठलं काम सगळ्यात आधी सुटलं? आणि बरं होताना कुठलं आधी परत आलं? मला हे खरंच समजून घ्यायचंय, कारण पुस्तकातल्या याद्या आपल्याकडच्या कामांच्या नाहीत.

औषधांची नावं, डोस इथे विचारू नका, सांगणार नाही.

चाकरमानी विरार | ९ जून, रात्री ११:०२

आमसुलं वाचून दचकलोच, डॉक्टर. आई गावी एकटी असते. मी रोज रात्री फोन करतो. "जेवलीस?" "जेवले." "बरी आहेस?" "बरी आहे." संपलं. गेल्या मे महिन्यात गेलो तर मागच्या पडवीत दोन घमेली रातांबे (कोकमाची फळं) तसेच पडलेले, वर चिलटं, खाली लाल पाणी. माझी आई एक रातांबा वाया घालवणारी बाई नव्हे. आगळ, आमसुलं, वर बियांचं तेल काढून आणायची. म्हटलं, हे काय? तर म्हणाली, "फोडू उद्या." चूल मात्र चालू होती. भात-आमटी दोन वेळा होत होती. म्हणूनच शेजारच्या काकूंनासुद्धा काही कळलं नाही.

कोकमसरबत | ९ जून, रात्री ११:२०

वाचतेय. फार गरजेचा विषय.

येवा | १० जून, सकाळी ६:४८

माझ्या बापाशीचा तसाच झाला. भजनात पखवाज वाजवायचो, तो सोडल्यान. आमका वाटला वय झाला. मगे बाजारात जाणा सोडल्यान. मगे दाढी. शेवटाक भयणीन डॉक्टराकडे न्हेल्यान. आता गोळी खाता, बरो आसा. बाजारात जाता. पखवाज अजून हातात घेणा नाय. गणपतीक बघूया.

खाडीकाठचा डॉक्टर | १० जून, दुपारी २:१०

@चाकरमानी, @येवा, तुमच्या दोघांच्या लिहिण्यात एक गोष्ट सारखी दिसते. आधी सुटतं ते न केलं तरी चालणारं काम. भजन, आमसुलं, अंगणातली अबोली, बहिणीला फोन. पोटाचं काम सगळ्यात शेवटी सुटतं, आणि बाईच्या बाबतीत तर सुटतच नाही, कारण ते करायला दुसरं कोणी नसतं. म्हणून "घरातलं सगळं करते की ती" हे उत्तर मी पुरेसं मानत नाही. स्वतःच्या हौसेचं काय करते, ते विचारतो.

आणि परत येताना क्रम बहुधा उलटा असतो. झोप, भूक आधी सुधारते. बाजारहाट येते. मनापासून करायच्या गोष्टी सगळ्यात उशिरा. येवा, बापाशीक पखवाजाची घाई करू नका, पण भजनाला नुसतं बसायला नक्की न्या.

परखड | १० जून, दुपारी ४:३५

माफ करा, पण हे सगळं जरा अतीच होतंय. आमच्या आज्या-पणज्यांना पहाटे उठून विहिरीवर जायचं असे, दहा माणसांचा स्वयंपाक. डिप्रेशनला वेळ कुठे होता? हल्ली माणूस जरा गप्प बसला की लागली गोळी. शिवाय एक सांगा, कामच बंद झालं तर त्याला आळशीपणा म्हणायचा की आजार, हे कोण ठरवणार?

वाडीवाली | १० जून, सायंकाळी ५:५०

@परखड, माझे सासरे आळशी नव्हते. श्रीवर्धनची सुपारीची वाडी त्यांनी स्वतः उभी केलेली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दुपारभरात पोफळी आडव्या झाल्या. ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. पहिले काही महिने सगळेच खचलेले होते, त्यामुळे आमचं दुःख वेगळं दिसत नव्हतं. पंचनामे, मदत, कापून टाकलेली झाडं रचणं, सगळ्यात ते होते. पुढच्या पावसाळ्यात लोक रोपं लावायला लागले तेव्हा ते घरात बसले. पंपाची चावी दाराजवळच्या खुंटीवर असायची, सकाळी चहा झाला की ती घेऊन पाणी सोडायला जायचे. ती चावी तिथेच राहिली. मी रोज केर काढताना बघायची.

कोणाला आजार वाटला नाही. "माणूस खचला, काय करणार, पोफळ धरायला वर्षं जातात, त्यांचं वय बघ." सगळं खरंच होतं. पण ते मधुमेहाच्या गोळ्याही घेत नव्हते, हे आम्हाला साखर ३०० च्या पुढे गेल्यावर समजलं. गोळ्यांच्या पट्ट्या उशाखाली होत्या. डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग आणखी वाढवली. न घेतलेली गोळी वाढवून काय होणार?

निनावी मास्तर | १० जून, रात्री ९:१२

नवीन आयडी घेऊन लिहितोय, समजून घ्या.

परखड यांचा प्रश्न मीच स्वतःला विचारत होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. माझं काम कधीच सुटलं नाही. एक दिवस रजा नाही. परिपाठ, हजेरी, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं, सगळं वेळेवर. फक्त फळ्यावर गणित मांडताना तिसऱ्या पायरीला मी कुठे होतो ते आठवायचं नाही. मुलं सांगायची, "गुरुजी, हातचा राहिला." घरी आलो की शर्ट न बदलता पलंगावर. अंघोळ करायची म्हणजे पाणी तापवायचं, टॉवेल शोधायचा, कपडे काढायचे. ही यादी मनात म्हणता म्हणता अर्धा तास जायचा आणि अंघोळ राहायची. बायकोला वाटे, शाळेत सगळी शक्ती घालवतात आणि घरासाठी काही उरत नाही. तिचं बरोबरच होतं एका अर्थी.

आळशी माणसाला न केलेल्या कामाचं काही वाटत नाही. मला रात्रभर त्याचंच वाटायचं.

कोकमसरबत | १० जून, रात्री ९:३०

@निनावी मास्तर, शेवटच्या दोन वाक्यांना +१००. परखड यांना उत्तर मिळालं असावं.

परखड | १० जून, रात्री ९:५५

मिळालं, पूर्ण नाही. मास्तर, तुमच्याबद्दल नव्हतं ते. पण वाडीवाली ताईंच्या सासऱ्यांचं दुःख खरं होतं ना? वाडी गेली म्हणून माणूस खचला, तर त्याला आजार कशाला म्हणायचं? वाडी उभी करायला पैसे द्या, माणूस आपोआप उठेल.

खाडीकाठचा डॉक्टर | १० जून, रात्री ११:४०

परखड, प्रश्न चांगला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

पैसे द्यायलाच हवेत. कर्ज, बुडालेला हंगाम, दारूडा नवरा, यांवर गोळी नाही. पण कारण समजलं म्हणून आजार नाहीसा होत नाही. ओटीवरून पडून हाड मोडलं तरी प्लास्टर लागतंच. दुःखातला माणूस शेजारी आला की चार शब्द बोलतो, नातू मांडीवर बसला की थोडा हसतो, आणि आठवड्यांमागून आठवडे तसूभर का होईना पुढे सरकतो. नैराश्यात ते सरकणं थांबतं. मदतीचा चेक आला तरी तो बँकेत भरायला उठवत नाही. वाडीवाली ताईंनी लिहिलेलं बघा, शेजारी रोपं लावत होते आणि ते घरात.

कामावर होणारा परिणाम किती, याचंही मोजमाप झालंय. अमेरिकेतल्या मेडिकल आउटकम्स स्टडीत १९८९ साली दिसलं की नैराश्याच्या रुग्णांचं रोजचं चलनवलन मधुमेह, रक्तदाब, संधिवात अशा जुनाट आजारांच्या रुग्णांइतकंच किंवा त्याहून वाईट असतं. हे इस्पितळात भरती झालेले नव्हेत, दवाखान्यात चालत आलेले लोक. संधिवाताच्या आजीला कोणी आळशी म्हणत नाही, कारण तिचे गुडघे सुजलेले दिसतात.

आणि साखरेचं: २००७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ६० देशांच्या पाहणीवरचा लेख आला होता. जुनाट आजार आणि नैराश्य एकत्र आले की तब्येतीची अवस्था सगळ्यात वाईट, दोन जुनाट आजार एकत्र असण्यापेक्षाही. आमच्याकडे साखर हटत नाही असा पेशंट आला की इन्सुलिनचा विचार करण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. गोळ्या खरंच पोटात जातात का, आणि सकाळी उठून काय करता?

एक सावधगिरी मात्र. काम सुटलं म्हणजे नैराश्यच, असंही नाही. थायरॉइड कमी असेल, रक्त कमी असेल, बी-१२ कमी असेल तरी माणूस असाच गळून जातो. म्हातारपणात विसरभोळेपणाचा आजार सुरू होत असेल तरी. रोजची दारू असेल तर आधी ती बघावी लागते. ते तपासून घ्यायचं, पण एकदा. दर महिन्याला तीच सोनोग्राफी करून काही नवीन निघत नसतं.

समुद्रपक्षी | ११ जून, सकाळी ११:२५

हर्णैकडून. डॉक्टर, आमच्याकडे तुमची पद्धत जूनमध्ये चालायची नाही. १ जूनपासून मासेमारी बंदी, ३१ जुलैपर्यंत सगळेच घरी. कोण कामाचा आणि कोण गेलेला, कसं ओळखणार? माझा भाऊ तांडेल आहे, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस. गेल्या वर्षी पावसाळाभर झोपून होता, आम्ही म्हटलं दमला असेल, आठ-दहा महिने समुद्रावर असतो. ऑगस्टमध्ये बोट काढायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "मला जमणार नाही, दुसरा तांडेल बघा." खलाशांचे पैसे आगाऊ दिलेले. घरात केवढी भांडणं झाली ते सांगत नाही.

गोवेकरीण | ११ जून, दुपारी १:०५

@समुद्रपक्षी, बंदीतही कामं असतातच की. जाळी दुरुस्त करणं, बोटीला रंग, इंजिन उघडणं, दुपारचे पत्ते. पत्ते सुटले असतील तर मी काळजी करीन.

मी थोडं गोव्याबद्दल लिहिते, कारण या विषयावर आपल्याच किनाऱ्यावर झालेलं काम लोकांना माहीत नसतं. संगाथ ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था गोव्यात १९९६ पासून आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या दवाखान्यांत मानस नावाची चाचणी केली, २०१० साली लॅन्सेटमध्ये आली. २४ दवाखाने, निम्मे सरकारी आरोग्य केंद्रं, निम्मे खासगी. मुद्दा असा होता की मानसोपचारतज्ज्ञ पुरणार नाहीतच, तर गावातल्याच साध्या माणसाला शिकवून समुपदेशक म्हणून बसवलं तर? सरकारी केंद्रांत फरक पडला. सहा महिन्यांनी बरे झालेले सुमारे ६६ टक्के, आणि जिथे असा समुपदेशक नव्हता तिथे साधारण ४२ टक्के. खासगीत दोन्हीकडे फरक दिसला नाही. (डॉक्टर, तुमचा दवाखाना खासगी, रागावू नका.)

मग पुढची चाचणी, २०१७ ची. १० आरोग्य केंद्रं, ४९५ रुग्ण, सगळे पीएचक्यू-९ वर १५ किंवा जास्त असलेले, म्हणजे किरकोळ त्रासवाले नव्हेत. सहा ते आठ बैठकी, एवढंच. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक आजाराच्या रेषेखाली आले, ज्यांना या बैठकी मिळाल्या नाहीत त्या गटात ३९ टक्के. घरकाम, कामधंदा, लोकांत मिसळणं हेही सुधारलं.

आणि त्या बैठकीत काय करतात म्हणाल, तर बालपणाबिलपणात शिरत नाहीत. मी या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलंय (त्या चाचणीत नव्हते, नंतर दुसरीकडे), म्हणून सांगते. आपण समजतो, मन बरं झालं की माणूस कामाला लागेल. इथे उलट धरतात. काम सुटतं, त्यामुळे दिवसभरात बरं वाटायला जागाच उरत नाही, त्यामुळे मन आणखी बसतं, त्यामुळे आणखी काम सुटतं. ते चक्र कामाच्या टोकाने तोडायचं. मन लागो न लागो.

एक बाई होती, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. नवरा वारल्यावर घराबाहेर पडायचं बंद झालेलं. आधी ती मासळी बाजारात रोज जायची, विकायला नव्हे, घ्यायला, पण तास-तास घासाघीस करणारी. पहिल्या आठवड्यात ठरलं: फक्त सकाळी साडीला पिन लावून दारात उभं राहायचं, दारावर येणाऱ्या मासेवालीला भाव विचारायचा. मासे घ्यायचेच असं नाही. वहीत लिहायचं, केलं की नाही आणि त्यानंतर कसं वाटलं. पहिले काही दिवस "काहीच वाटलं नाही" असंच लिहिलेलं. मग एका दिवशी लिहिलं, "बांगडा महाग सांगते, बाई लुटते." मी तिथेच हसले. ते वाक्य मला कुठल्याही गुणांपेक्षा मोठं वाटलं.

चुका कुठे होतात तेही सांगते. घरचे एकदम मोठं काम देतात. "चल, लग्नाला चल, बरं वाटेल." चारशे माणसांत नेऊन बसवलं की ती बाई पुढचा महिना बाहेर पडत नाही.

चाकरमानी विरार | ११ जून, दुपारी ३:४०

लग्नाचं अगदी आम्हीच केलं होतं. आणि वर ताई म्हणाली, "एवढं नटवून आणलं तरी तोंड पाडून बसली."

उपकेंद्रवाली | ११ जून, रात्री ८:५०

मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे, जागा सांगत नाही. वाचून बरं वाटलं आणि थोडी चिडचिडही झाली. मला मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण दिलंय, प्रश्नावली आहे. पण सकाळच्या ओपीडीत ताप, खोकला, बीपी, गरोदर बायका, पोर्टलवरच्या नोंदी, मग घरभेटी. एका बाईशी वीस मिनिटं बोलले तर बाहेर पाच जण दार वाजवतात. आणि खोलीत सासू असते. सासूसमोर कोण सांगणार? मी एक करते. वजन करायच्या निमित्ताने तिला आतल्या खोलीत नेते आणि दोनच प्रश्न विचारते. कशात मन लागेनासं झालंय का, आणि उदास वाटतं का. पीएचक्यू-९ मधले पहिले दोन. "हो" म्हणाली तर आशाताईंबरोबर दुपारी घरी जाते, सासू पडवीत झोपलेली असते तेव्हा.

गोव्यासारखा फक्त बोलायला बसवलेला माणूस आम्हाला मिळाला तर निम्मं काम होईल. ते पद आम्हा नर्सेसच्या गळ्यात आणखी एक काम म्हणून घालू नका एवढंच.

माडाखालचा | ११ जून, रात्री ९:१५

अवांतर: यंदा हापूसची पेटी कोणी शेवटी शेवटी कितीला घेतली?

संपादक मंडळ | ११ जून, रात्री ९:४०

माडाखालचा, आंब्याचा धागा वेगळा आहे. तसंच "अमुक काढा घ्या, गोळ्या फेकून द्या" असा एक प्रतिसाद उडवला आहे. कृपया तसं लिहू नये.

वाडीवाली | १२ जून, सकाळी १०:०५

उपकेंद्रवाली ताई, आमच्याकडे पण शेवटी आशाताईंनीच पकडलं. घरात तोवर देवाला गाऱ्हाणं घालून झालं होतं, कौल लावून झाला होता, वाडीतल्या राखणदार देवाला नारळ दिला होता. आणि "रत्नागिरीला न्या" असं म्हणणारे नातेवाईक होतेच. आमच्याकडे रत्नागिरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर फक्त मनोरुग्णालय येतं, तेही टिंगल म्हणून. त्या एका शब्दाने सासरे आणखी वर्षभर दवाखान्यात गेले नाहीत.

डॉक्टर, गाऱ्हाण्याबद्दल तुमचं काय मत?

खाडीकाठचा डॉक्टर | १२ जून, दुपारी २:३०

माझा काही आक्षेप नाही. गाऱ्हाण्याला वाडीतली माणसं एकत्र येतात, त्या माणसासाठी बोलतात, हे वाईट कसं म्हणू? फक्त भगताने गोळी बंद करायला सांगितली, किंवा कोंबडं-बकऱ्यात पैसे जायला लागले, की मी मध्ये पडतो.

गोवेकरीण ताई, रागावलो नाही. पण खासगी डॉक्टरांच्या बाबतीत एक वेगळीच तक्रार करतो. आमच्या भागात पेशंट येतो तेव्हा हातात आधीच एक पट्टी असते. अल्प्राझोलाम. झोप येत नाही म्हणून कुणीतरी दिलेली, मग मेडिकलमधून तशीच घेतलेली. ती नैराश्याची गोळी नव्हे. त्या रात्रीपुरती झोप येते, आजार तिथेच राहतो, आणि महिनोन्महिने घेतली की सवय लागते. अचानक बंद केली तर त्रास होतो, म्हणून सोडवायची तीही हळूहळू, डॉक्टरला सांगून.

नैराश्यावरच्या गोळ्या वेगळ्या, त्यांची सवय लागत नाही, पण गुण यायला दोन ते चार आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता आधी येते आणि फायदा नंतर. नेमके तेव्हाच लोक सोडतात. बरं वाटल्यावरही पुढे निदान सहा महिने घ्यायच्या. आणि सौम्य त्रासात प्रत्येकाला गोळी लागतेच असं नाही, वर लिहिलेल्या कामाच्या पद्धतीने बरेच जण सुधारतात.

निनावी मास्तर | १२ जून, रात्री १०:२०

बरं होताना काय आधी आलं, हे लिहायचं राहिलं. माझं आधी आलं ते चिडणं. वर्षभर कशाचाच राग आला नव्हता. एका दुपारी केंद्रप्रमुखांनी तीच माहिती पुन्हा मागितली आणि मी भांडलो. बायको घाबरली, डॉक्टर म्हणाले चांगलंय. अंघोळ मग आली. वाचन अजून पूर्ण आलेलं नाही. पेपरचा अग्रलेख अर्ध्यात सुटतो. गुणांच्या हिशेबाने मी बरा आहे, कामाच्या हिशेबाने पाऊण.

खाडीकाठचा डॉक्टर | १२ जून, रात्री १०:४५

मास्तर, हे पाऊण फार जणांचं असतं आणि कोणी विचारत नाही. रडू थांबतं, झोप येते, डॉक्टर खूश. पण लक्ष लागणं आणि दमणूक मागे रेंगाळतात. पुढच्या वेळी तुमच्या डॉक्टरांना अग्रलेखाचं नक्की सांगा. गोळी बंद करायची की नाही, हे त्यावरही ठरतं.

कोकमसरबत | १३ जून, सकाळी ९:१०

एक विचारते, घाबरतच. माणूस "जगून काय करायचं" म्हणतो तेव्हा आपण विषय बदलायचा की विचारायचं? विचारल्याने डोक्यात भलतं येईल अशी भीती वाटते.

गोवेकरीण | १३ जून, सकाळी ९:३५

विचारायचं. सरळ, शांतपणे, एकटं असताना. "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, असतो त्याला बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, फवारणीची औषधं, उरलेल्या गोळ्या घरातून हलवायच्या आणि त्याच दिवशी डॉक्टर. आंब्या-काजूच्या घरात फवारणीचे डबे पडवीत उघडे असतात, ते आजच कुलपात घाला. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर टेलि-मानस या हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलतात. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे.

परखड | १३ जून, दुपारी १२:५०

हा नंबर आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला सांगतो. मतं माझी फार बदललेली नाहीत. पण फळ्यावर जागा आहे.

उपकेंद्रवाली | १३ जून, दुपारी १:१५

परखड दादा, लिहिलंत की बाजूला "कोणाचंही नाव सांगावं लागत नाही" असंही लिहा. लोक त्यालाच घाबरतात.

समुद्रपक्षी | १३ जून, सायंकाळी ६:२०

डॉक्टर, शेवटचं विचारतो. भाऊ आता गोळीवर आहे, उपजिल्हा रुग्णालयात दाखवलं. फेब्रुवारीपासून बराच सुधारलाय, परवा स्वतः इंजिन उघडून बसला होता. ऑगस्टला बोट काढायची म्हणतोय. समुद्रावर आठ-आठ दिवस असतो, गोळी घेऊन तांडेल म्हणून उभं राहणं बरोबर आहे का? घरचे म्हणतात गोळी बंद करून मगच जाऊ दे.

खाडीकाठचा डॉक्टर | १३ जून, रात्री ११:०५

समुद्रावर जायचं म्हणून गोळी बंद करू नका. बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येत नाही, काहींनी येते. त्याची कुठली आहे ते तिथल्या डॉक्टरांना विचारा आणि तो सुकाणू धरतो हे स्पष्ट सांगा. बहुतेकांना ते ठाऊकच नसतं. झोपेची गोळी सोबत असेल तर तीही दाखवा, रात्रपाळीत ती चालणार नाही. जुलैच्या मध्यावर एकदा तपासून घ्या, म्हणजे काही बदलायचं झालं तर दोन आठवडे हाताशी राहतील. पहिल्या फेऱ्या जवळच्या, एका दिवसात परतायच्या ठेवा, आणि दुसरा जाणता माणूस बोटीवर असू द्या. औषध प्लास्टिकच्या घट्ट डब्यात द्या, पट्ट्या खाऱ्या हवेत खराब होतात. जितके दिवस बाहेर, त्याहून आठवडाभराच्या जास्त गोळ्या द्या. वारा फिरला की बोटी कुठेही अडकतात.